तिसऱ्या रविवारची हरकत

परळच्या आमच्या चर्चमध्ये त्या रविवारी माझे होणारे सासरे शेवटच्या बाकावर येऊन बसले. सोबत लालबागच्या त्यांच्या चाळीतले चार-पाच गिरणीवाले... सगळे धुतलेल्या शर्टात, सगळे गंभीर.

गोष्ट संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीतली. मी आता नव्वदीला टेकलेय, तेव्हा विशीत होते. नातीच्या रजिस्टर लग्नाची नोटीस परवा लागली आणि हे सगळं आठवलं. एका बोटानं टाईप करतेय, चुका सांभाळून घ्या.

आम्ही ल्युथरन ख्रिस्ती. मी मिशनच्या शाळेत शिक्षिका, आणि 'हे' गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवणारे कंपोझिटर, मालवणी हिंदू घरातले. संडे स्कूलच्या पत्रकांची प्रुफं तपासायला मी तिथं जायची. चुका फार निघायच्या, म्हणून फेऱ्याही फार व्हायच्या... त्यातल्या निम्म्या मुद्दाम केलेल्या असायच्या, हे मला लग्नानंतर कळलं!

धर्म कोणीच बदलायचा नाही, एवढं आमचं पक्कं होतं. नशिबानं नवा स्पेशल मॅरेज ॲक्ट आलेला होता. रजिस्ट्रारकडे नोटीस द्यायची, ती महिनाभर फळ्यावर लागते, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. संपलं!

पण आई अडून बसली. वडील लवकर गेले, तिनं एकटीनं मला वाढवलेलं. म्हणाली, "सही कुठंही कर. पण पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला नाही, तर मी त्या लग्नाला येणार नाही."

मी डोळे पुसतच आमच्या पाळकसाहेबांकडे, म्हणजे चर्चच्या पाद्रींकडे गेले. या कायद्यावरून तेव्हा पाळकांमध्येच दोन तट होते. कचेरीत लग्न केलं म्हणजे माणूस चर्चच्या मंडळीतून बाहेर गेला, असं काही जण सरळ म्हणायचे. आमचे पाळकसाहेब मात्र चष्मा पुसत म्हणाले, "सलोमी, आपल्या ल्युथरन शिकवणीत लग्न हा बाप्तिस्म्यासारखा संस्कार नाही. ते जगातलं काम आहे, सरकारनं करावं. आशीर्वाद मागणं हे माझं काम. सरकार आपलं काम नीट करतंय, तर मी का रुसून बसू?"

मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

चर्चच्या पंचांना मात्र हे पचेना. दोन बैठका झाल्या, आवाज चढले... शेवटी मधला मार्ग निघाला. आमच्यात लग्न ठरलं की पाळक तीन रविवार दोघांची नावं उपासनेत वाचतात आणि कोणाची हरकत असेल तर उभं राहून सांगा, असं विचारतात. कोणी बोललं नाही म्हणजे संमती. तशीच आमचीही नावं वाचायची. पण दोन्ही घरांपैकी कोणाचीही हरकत आली, तर आशीर्वाद नाही.

पहिला रविवार शांत गेला. दुसराही. आणि तिसऱ्याला सासरे हजर! नोटीस लागल्यापासून ते मुलाशी एक शब्द बोललेले नव्हते. 'हे' बिचारे दाराशी उभे... तोंडाचा रंग उडालेला.

पाळकसाहेबांनी नावं वाचली. "कोणाची हरकत असेल तर आताच सांगावी," म्हणाले आणि थांबले.

मागे बाक करकरला. सासरे उभे राहिले. आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. संपलं सगळं, असंच वाटलं मला.

सासऱ्यांनी घसा खाकरला, हात वर केला आणि गिरणीच्या गेटवर बोलावं तशा आवाजात म्हणाले, "ह्या लग्नाक माझा अनुमोदन आसा!"

आणि लगेच मागच्या बाकावरचे सगळे हात वर!

झालं होतं असं... त्या दिवसांत रोज कुठं ना कुठं सभा असायची, आणि सासरे युनियनचे जुने कार्यकर्ते. ठराव मांडला की कोणीतरी उठून अनुमोदन द्यायचं, मग हात वर. कोणीच बोललं नाही तर ठराव पडतो, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. शेवटच्या वाचनाला पोराचं लग्न पडू नये म्हणून ते माणसं गोळा करून आले होते!

सगळं चर्च मागे वळून बघायला लागलं. पाळकसाहेबांनी पंचांकडे पाहिलं आणि हसू दाबत म्हणाले, "नोंद घ्या. हरकत नाही, अनुमोदन आहे." मग जो हशा पिकला... तेवढ्यात माझं मनगट सुटलं. पाहिलं, तर आईनंही हात वर केला होता. मी तिथंच रडायला लागले.

सासऱ्यांचा राग गेला कसा, ते नंतर कळलं. पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी पाळकसाहेब चालत लालबागला त्यांच्या खोलीवर गेले होते. तुमच्या मुलाचं नाव मी तीन रविवार वाचून हरकत विचारणार आहे, ते आधी माझ्या तोंडून ऐका, एवढंच सांगायला. सासरे म्हणायचे, "माझ्या खोलयेत बसान चाय घेतल्यान. असो माणूस इचारता, आणि तेका गप रवान उत्तर देवचा?"

रजिस्ट्रारकडे साक्षीदारांच्या तीन सह्या झाल्या. पाळकसाहेबांची, सासऱ्यांची आणि माझ्या आईची. संध्याकाळी चर्चमध्ये आशीर्वाद झाला, तेव्हा पुढच्या बाकावर सगळा लालबाग होता.

पाळकसाहेब नाहीत, सासरे नाहीत, आता 'हे'ही नाहीत. परवा नात मोबाईलवर नोटीस दाखवत म्हणाली, "आजी, तुझी काही हरकत नाही ना गं?"

गप्प बसून कसं चालेल... मी हात वर केला.