घाणेरी आणि ढवळी

...पहिली पोळी तव्यावरून काढली, तिच्यावर गुळाचा खडा ठेवला आणि मागच्या गेटपाशी गेले. सोमवारची सकाळ. दूध तापवून झालं होतं, तुळशीला पाणी घालून झालं होतं, मोटर तेवढी बंद करायची राहिली होती. गेटवर ढवळी नव्हती.

ढवळी म्हणजे मंदाबाईंची गाय. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची कॉलनी, तिच्यामागे मोकळा प्लॉट आणि प्लॉटच्या पलीकडे त्यांचा गोठा. सकाळी सोडली की ढवळी आधी आमच्या गेटवर येते. ही सवय ह्यांनी लावलेली. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, पण ती कधी चुकली नाही... आणि मीही नाही.

रविवारी आली होती, पण पोळी अर्धीच खाल्ली. मी म्हटलं, उन्हाळा आहे, नसेल भूक.

त्याच्या आधीचे तीन दिवस मी परसातली घाणेरी काढत होते. नारिंगी-गुलाबी फुलांचं, काळ्या फळांचं ते काटेरी झुडूप... काही जण टणटणी म्हणतात. हे दर वर्षी वरून छाटायचे आणि ती दुप्पट जोमाने यायची. यंदा तर भिंतच दिसेना आणि शेजारच्या वहिनी रोज सापाचा विषय काढू लागल्या.

माझी शाळा सातवीपर्यंतच झाली. पण वाचायचं वेड आहे, म्हणून वाचनालयातून झाडांचं पुस्तक आणलं. त्यात होतं की मुळाचा गड्डा जमिनीखाली तोडला तरच ती परत येत नाही. तेवढं पान वाचलं आणि कुदळ घेतली.

हातभर ओरखडे उठले, पण शनिवारी संध्याकाळी भिंत मोकळी झाली. ह्यांना नाही जमलं ते मला जमलं, असं मनात म्हटलंसुद्धा. फांद्या रोजच्या रोज गेटबाहेर प्लॉटवर टाकल्या... तिथे सगळेच टाकतात.

सोमवारी पोळी कट्ट्यावर तशीच वाळली. दुपारी पुस्तक परत करायच्या आधी सहज चाळलं आणि पुढचं पान वाचलं.

घाणेरीचा पाला गुरांना विषारी असतो. एरवी वासामुळे ती तोंड लावत नाहीत, पण उन्हाळ्यात दुसरं हिरवं दिसलं नाही की खातात. मग कावीळ होते, ऊन सोसत नाही, कातडी भाजल्यासारखी सोलते. पांढऱ्या जनावरांना त्रास जास्त.

पुस्तक तसंच उघडं ठेवलं. बाहेर जाऊन पाहिलं तर ढिगाच्या एका बाजूचा पाला ओरबाडलेला होता. शेजारी शेणाचा पो पडलेला.

संध्याकाळी गोठ्यावर गेले. ढवळी बाहेर खुंट्याला बांधलेली, मान खाली घातलेली. "कालपासून वैरणीला तोंड लावत नाय, काकू," मंदाबाई म्हणाल्या. "डॉक्टर औषध देऊन गेले, पोट बिघडलं असंल म्हणे. पत्र्याखाली लय तापतं, म्हणून दिवसभर हितंच बांधली. वारं तरी लागतं."

मी "काळजी घ्या" एवढंच बोलले आणि घरी आले. नवरा गेल्यापासून मंदाबाईंचं घर त्या एका गाईवर चालतं, हे मला माहीत आहे. मी पण त्याच वाटेने गेलेली बाई... तरी तोंड उघडलं नाही. घाबरले होते, दुसरं काही कारण नाही.

मंगळवारी उजाडल्यावर पुस्तक पिशवीत घालून पुन्हा गेले आणि सगळं सांगून टाकलं.

मंदाबाईंनी हातातली बादली खाली ठेवली. "काल हितंच उभ्या होता ना तुम्ही? मूग गिळून?"

मी हो म्हटलं.

त्यांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर. डॉक्टर म्हणाले, "घाणेरी? बरं झालं कळलं. आधी तिला सावलीत घ्या, जरासुद्धा ऊन लागू देऊ नका. मी निघतोच."

"बघता काय काकू, धरा ते दावं," मंदाबाई ओरडल्या. दोघींनी मिळून ढवळीला पत्र्याखाली नेलं. जवळून पाहिलं तर डोळ्यांचं पांढरं पिवळं झालं होतं आणि नाकाशी कातडी लाल.

डॉक्टरांनी औषधी कोळशाची पावडर पाण्यातून पाजली, सलाईन लावलं. आठ दिवस उन्हापासून जपा, खात्री आत्ताच देता येणार नाही, असं सांगून गेले. गोठ्याची पश्चिम बाजू उघडी आहे, दुपारनंतर ऊन थेट आत येतं. मंदाबाईंनी तिथे जुनी चादर लावली, ती अर्ध्यालाही पुरेना.

निघताना त्या म्हणाल्या, "जगली तर तुमच्यामुळं म्हणायचं, का गेली तर तुमच्यामुळं... काय कळंना मला."

घरी येऊन प्लॉटवरची एकूण एक फांदी उचलली, गच्चीवर नेऊन टाकली आणि दाराला कुलूप लावलं. वाळलेला पालाही तितकाच वाईट असतो. तुमच्याकडे घाणेरी असेल तर जरूर काढा, पण उघड्यावर टाकू नका, एवढ्यासाठी हे लिहिलं. आणि मंदाबाईंनी शेवटी मला दावं धरायला सांगितलं, हाकलून दिलं नाही... ते मी विसरणार नाही.

बुधवारी सकाळी स्टूल घेतलं. ह्यांनी गुलाबाच्या कुंड्यांवर बांधलेलं हिरवं शेडनेट मी चार वर्षांत हलवलं नव्हतं. सुतळीच्या गाठी ह्यांच्या हातच्या, काही केल्या सुटेनात, म्हणून कापल्या. मग नेटची घडी काखेत आणि पहिली पोळी डब्यात घेऊन गोठ्यावर गेले, आणि मंदाबाईंबरोबर ते पश्चिमेच्या बाजूला बांधलं.