आत्याची कानतपासणी

सातवीत जाण्याआधीच्या मे महिन्यात मी सांगलीहून वाईला आत्याकडे गेले, ती पोहायला. आदल्या वर्षी पोहूनच माझा कान फुटला होता आणि महिनाभर वाहत होता. म्हणून आईने कपड्यांच्या आधी डॉक्टरांचे नियम बॅगेत भरले. पाण्यातून आल्यावर मान कलती करून पाणी निथळू द्यायचं, कान बाहेरूनच पुसायचा, आत तेल-काडी काही घालायचं नाही. आणि कान ओढल्यावर दुखला, तर पोहणं बंद.

हा शेवटचा नियम आत्याला फारच आवडला. ती शाळेत गणित शिकवायची आणि सुट्टीत तिला ओढायला कान नव्हते. रोज संध्याकाळी दारातच ती म्हणायची, "कान." काही गुन्हा न करता रोज दोन्ही कान ओढून घेणारी अख्ख्या वाईत मी एकटीच असेन. शेजारी आईचा फोन यायचा, त्यातही चौकशी माझी नाही, कानांची!

मी सगळं सोसलं, कारण शेवटच्या रविवारी मला पाठीला बांधलेला तरंगायचा डबा सोडून नदी पार करायची होती. आतेभाऊ ती कधीच पार करून बसला होता. "मधी लय खोल हाय, तुला न्हाई जमायचं," हे तो दिवसातून चारदा ऐकवायचा.

शुक्रवारी उजव्या कानात पाणी राहिलं. आतेभावाने घाटावरचा तापलेला दगड कानाला लावून मला एका पायावर उड्या मारायला लावल्या. लोक हसले, पाणी काही हललं नाही. मग मी केसांतला आकडा काढला आणि कानात फिरवला. अहाहा, काय बरं वाटलं! शनिवारी सकाळपासून कान ठणकायला लागला.

संध्याकाळी आत्याने डावा कान ओढला, काही नाही. उजवा ओढला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. ओरडायच्या ऐवजी मी खदाखदा हसले.

"काय झालं गं?"

"गुदगुल्या."

आत्याचा चेहरा खुलला. "शाब्बास! महिनाभर कान सांभाळलेस. उद्या मी स्वतः येणार घाटावर, तुला बघायला." पाण्याच्या भीतीने ती कधी घाटाकडे फिरकत नसे.

मी आत जाऊन बसले. कान दुखत होताच, पण त्याहून त्या शाब्बासकीची लाज वाटत होती. शिवाय गेल्या वर्षीचं ते वाहणं आठवत होतं. पण खरं सांगितलं तर नदी पुढच्या मे महिन्यावर जाणार. मला रडूच आलं. शेवटी डोळे पुसून मी स्वयंपाकघरात गेले.

"आत्या, परत ओढ."

"आता काय?" म्हणत तिने पिठाच्या हाताने कान धरला आणि ओढला. डावा.

"ठणठणीत तर आहे," ती म्हणाली आणि पोळी उलटायला वळली.

मी सुटले होते. नुसतं गप्प बसलं की झालं.

"तो नाही," मी म्हणाले, "उजवा."