तोललेली शाई

पेणच्या रामवाडीत राहणारा दत्तात्रेय रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मीटर आणि गेज दुरुस्त करायचा. कशाचंही माप कळलं नाही की त्याला चैन पडायची नाही. अठ्ठ्याण्णव साली कंपनीने जुने कॉम्प्युटर विकायला काढले, तेव्हा त्यातला एक त्याने घरी आणला आणि मुंबईहून रंगीत प्रिंटर आणि स्कॅनर घेतला. घरच्या घरी फोटो छापायचे, एवढीच हौस.

पहिला फोटो त्याने बायकोचा, सरूचा छापला. कागद खर्र खर्र करत बाहेर सरकू लागला. आधी केस आले, मग कपाळ, मग कुंकू. सरू तोंडाला पदर लावून बघत राहिली. "अहो, डोळे अजून आले नाहीत, तरी मीच हाय ते कळतंय!"

पण हौस पुरी व्हायच्या आत शाईचं कार्ट्रिज संपलं. नवं घेताना पगाराला चांगलीच चाट बसली.

"एका फोटोला शाई लागते तरी किती?" सरूने विचारलं.

दत्तात्रेयने यंत्राचं माहितीपुस्तक काढलं. त्यात हिशेब होता तो अक्षरांच्या पानांचा. फोटोचा हिशेब कुणीच दिला नव्हता. कंपनीच्या बसमध्ये तो त्याच विचारात बसायचा. वाटेतलं खांब गाव मागे पडलं तरी त्याला पत्ता नसायचा. शेवटी एका रविवारी तो रिकामं आणि नवं अशी दोन्ही कार्ट्रिजं घेऊन बाजारात मोरूशेठ सोनाराकडे गेला. मोरूशेठने हसत हसत ती काट्यावर तोलली. मग दत्तात्रेय घरी आला, पोस्टकार्डाएवढा एक फोटो छापला आणि पुन्हा दुकानात हजर.

मोरूशेठने चष्मा वर केला. "दोन गुंजा कमी भरतंय."

"दोनच?"

"दोनच. आमच्याकडे एवढ्यात नथीचा मोतीसुद्धा बसत नाय."

दत्तात्रेयने हिशेब मांडला. स्टुडिओपेक्षा घरचा फोटो महाग पडत होता. पण घरी परतताना त्याचं लक्ष पैशाकडे नव्हतंच. माणसाचं कपाळ, डोळे, हसू, सगळं दोन गुंजांत मावतं, या विचाराने तो भर बाजारात थबकला होता.

पुढच्या उन्हाळ्यात त्याची आत्या काशीबाई वडखळच्या पलीकडून, खाडीकाठच्या गावातून आली. नवऱ्याबरोबर, जनूबरोबर, तिने आयुष्यभर मिठागरात काम केलं होतं. जनूला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागे बांध फुटून खाडीचं पाणी घरात शिरलं, त्यात सगळे फोटो गेले. एकच उरला होता, तळहाताएवढा, पिवळा पडलेला. मिठाच्या राशींपुढे दोघं उभी होती.

"दत्तू, परवा नातीचा साखरपुडा हाय. तिनं आजा बघितला नाय रं. ह्यो मोठा करून देशील?"

दत्तात्रेयने कार्ट्रिज काढून मोरूशेठकडे नेलं. सहा गुंजा शाई शिल्लक होती. पानभर फोटो म्हणजे चार पोस्टकार्डं, आठ गुंजा. नवं कार्ट्रिज मुंबईशिवाय मिळायचं नाही, आणि अर्ध्यात शाई संपली तर जनूआतोबा कमरेपर्यंतच यायचे. तो खिन्न होऊन पडद्यावरच्या फोटोकडे बघत बसला. आणि एकदम त्याला उमगलं. फोटोवर पसरलेला हा पिवळेपणाच सगळ्यात जास्त शाई पिणार होता. त्याने पडद्यावरून तो हळूहळू काढायला घेतला. आभाळ उजळलं, राशी उजळल्या, आणि शेवटी मीठ पांढरंशुभ्र झालं.

"बस, आते," तो म्हणाला. "छापून बघू."

काशीबाई खुर्ची ओढून बसली. कागद सरकू लागला. वरचा भाग कोराच आला, तशी ती घाबरली. "काय येत नाय रं?"

"आभाळ हाय ते. थांब."

मग राशींच्या कडा आल्या, अगदी पुसट. मग मुंडासं. मग जनूचे उन्हाने बारीक केलेले डोळे. काशीबाई खुर्चीतून पुढे वाकली. दत्तात्रेय मात्र यंत्राचा आवाज ऐकत होता, शाई पुरते की नाही म्हणून जीव मुठीत धरून. पाय आले, पायांखालचा चिखल आला, आणि कागद ट्रेमध्ये पडला. शाई पुरली होती.

काशीबाईने राशीवर बोट ठेवलं. "हितं किती लागली शाई?"

"हितं थेंबसुद्धा नाय, आते. तो नुसता कागद हाय."

"म्हंजे मीठ तुझ्या यंत्रानं केलंच नाय?"

"नाय."

तिने त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. "आमी तरी कुठं करायचो? पाणी घ्यायचं आणि वाट बघायची. मीठ आपसूक यायचं."

गेजच्या काट्यांवर नजर ठेवण्यात दत्तात्रेयची निम्मी नोकरी गेली होती, पण असं काही त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

साखरपुड्याच्या दिवशी काशीबाईने तो फोटो पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर ठेवला. नात खाली वाकून आजाच्या पाया पडली आणि बाजूला न होता तिथेच चेहरा निरखत राहिली. मग गुणाजी नावाचा एक म्हातारा आला. जनूच्या जोडीने मिठागरात राबलेला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, फोटोशेजारच्या खुर्चीत बसला आणि हळू आवाजात जनूला गावातल्या गोष्टी सांगू लागला. पंगत बसली तरी तो उठला नाही. काशीबाईने त्याचं पान तिथेच नेऊन वाढलं.