सिस्टरांनी निवडून दिलेलं यंत्र

"थांब, ऐकू दे," असं म्हणून सिस्टर उजव्या हाताचं बोट वर करायच्या, मान जराशी कलती करायच्या आणि डोळे मिटायच्या. बोट खाली येईपर्यंत समोरच्यानं तोंड उघडायचं नाही. मग निकाल यायचा. "भुकेचं नाय हे रडणं. कान दुखायलाय लेकराचा." आणि खरंच कान दुखत असायचा.

करमाडच्या दवाखान्यात उभा जन्म बाळंतपणं करून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आमच्या शेजारच्या घरात एकट्या राहत होत्या. लेक परदेशात. त्यांचं नाव कॉलनीत कुणी कधी विचारलं नाही. माझ्या सासूबाई वयानं मोठ्या, पण त्याही सिस्टरच म्हणायच्या. अशी एखादी बाई तुमच्याही गल्लीत असेल. मूल शिंकलं की डॉक्टरच्या आधी तिचं दार वाजतं.

माझं बाळ वरच्या खोलीत झोपायचं आणि मी खाली बैठकीत शिकवण्या घ्यायचे. सासूबाईंना ऐकू कमी यायचं. म्हणून बेबी मॉनिटर घ्यायचं ठरलं, म्हणजे एक डबी पाळण्यापाशी, दुसरी आपल्यापाशी, तिकडचा आवाज इकडे. नवऱ्याला मोबाईलवर दिसणारा, कॅमेऱ्याचा हवा होता. आठ दिवस त्यानं त्याचे व्हिडिओ पाहिले. सिस्टरांनी त्याला उभ्या उभ्या गप्प केलं.

"लाईट गेली की तुझं वायफाय गेलं. सेलवर चालणारा घे. अन् लेकरू बघायचं नसतंय बाबा, ऐकायचं असतंय."

मग आम्ही दोघी छावणीच्या बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, "हॅलो बोल के देखो, सिस्टर."

"हॅलो कशाला? लेकरू काय हॅलो म्हणतंय? तुम्ही नुसता श्वास घ्या, भाई."

तो बिचारा डबीपुढे श्वास घेत उभा राहिला. दुसरी डबी देऊन मला रस्त्यापलीकडच्या बेकरीपर्यंत पिटाळलं. हॉर्नच्या कल्लोळात मला त्याची घरघर स्वच्छ ऐकू आली. मी परत आले तेव्हा सिस्टर त्याला दम्याचं औषध सांगत होत्या आणि खोकं बांधून तयार होतं.

"माझ्याकडं हाच हाय, नातवाच्या वेळचा," त्या म्हणाल्या. "बिघडला तर माझा ने."

घरी येऊन पाळण्यापाशी त्यांनीच तो लावला. डबीच्या पोटाशी एक बारीक बटण होतं, एक आणि दोन असे नंबर असलेलं. त्यांनी ते एकवर सरकवलं आणि बजावलं, "ह्याला हात लावू नको."

मी कशाला लावते? त्यांनी निवडलेल्या वस्तूत शंका काढायची माझी टाप नव्हती.

बाळाला झोपवताना मी त्याच्याशी बोलायचे. नवऱ्याशी बोलायचे त्याहून थोडं जास्तच. तेव्हा मला पुण्याच्या जुन्या ऑफिसातून परत बोलावणं आलं होतं. नवराही तिकडे बदली मागणार होता. सगळं पक्कं झालं की सासूबाईंना नीट बसवून सांगायचं, असं आमचं ठरलं होतं. माहीत होतं ते आम्हा दोघांना. तिसरा पाळण्यात होता आणि त्याला अजून दात नव्हते.

एका दुपारी सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. "मला टाकून पुण्याला चाललात ना? निदान सांगायचं तरी."

मी नवऱ्यावर तुटून पडले. तो शपथा घेत होता. आठवडाभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. सासूबाईंचं जेवण तुटलं. शेवटी मीच पुण्याला फोन करून नाही म्हणाले. त्या दिवशी सिस्टर शेपूची भाजी घेऊन आल्या. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "जाऊ दे, पोरी. माणूस तुटण्यापरीस हे बरं." मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

महिन्याभरानं डबीच्या सेलचं झाकण तुटलं म्हणून मी छावणीत गेले. दुकानदारानं सहज विचारलं, "दोनों घर के एकइच नंबर पे तो नै रखे ना? सिस्टर को बताया था मैं उस दिन. एक नंबर पे रखे तो तुम्हारे कमरे का सब उनके यहाँ सुनाई देता."

त्या दिवशी मी बेकरीपाशी उभी होते.

तशीच सिस्टरांकडे गेले. दार उघडं होतं. त्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर डबी, आणि डबीतून माझ्या बाळाचा श्वास. मला पाहून सवयीनं त्यांचं बोट वर गेलं. मग सावकाश खाली आलं.

"सासूबाईंना तुम्ही सांगितलंत?"

"व्हय." खोटं त्या बोलल्या नाहीत. "ती रोज माझ्यापाशी येऊन बसती. तिच्यापासून लपवणं मला झेपंना."

"आणि माझं सगळं ऐकणं झेपलं?"

"तुला ऐकायला नव्हते गं बसत. लेक फोनवर नातू दाखवती. हसताना दाखवती, रडताना दाखवती. निजला की फोन ठेवती. निजलेल्या लेकराचा श्वास कोण ऐकवतंय?"

ते मला कळलं. अगदी आत कळलं. पण माफ करता आलं नाही. माझी नोकरी गेली होती, नवऱ्यावर मी खोटा आळ घेतला होता, आणि जिच्या खांद्यावर रडले तिनंच हे केलं होतं. मी घरी आले आणि बटण दोनवर केलं. त्यांच्याही डबीला दोन नंबर आहे, हे मला सुचलं नाही. एवढा विश्वास तेव्हाही उरला होता म्हणायचा.

त्यानंतर आमचं बोलणं संपलं. पाळण्यापाशी बसून मी बाळाला रोज सांगायचे, ती बाई कशी दगाबाज निघाली ते. एकदा तो तापानं फणफणला होता, रडायचा थांबेना, तेव्हा मात्र मी म्हटलं, "सिस्टर आल्या असत्या तर बरं झालं असतं रे." म्हटलं, आणि त्याच्या कपाळावरची पट्टी बदलली.

दिवाळीनंतर त्यांची लेक आली आणि त्यांना घेऊन गेली. रिक्षा दारात उभी असताना लेकीनं माझ्या हातात एक पिशवी दिली. "आईनं तुम्हाला द्यायला सांगितलंय." सिस्टर रिक्षात बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पिशवीत एका मऊ दुपट्यात गुंडाळलेली त्यांची डबी होती. मी ती उलटी केली. बटण दोनवर होतं.

म्हणजे माझ्या शिव्या त्यांनी रोज ऐकल्या होत्या. आणि तापाच्या दिवशीचं ते वाक्यही ऐकलं होतं. ऐकलं होतं, आणि आल्या नव्हत्या.