मंगळवारची झारी

टेलरकाकूंची पाळी मंगळवारची. बसडेपोसमोरच्या चौकात रस्त्याच्या मधोमध एक गोल तुकडा होता, आधी तिथे नुसता कचरा साचायचा. रिटायर झालेल्या एका बँक मॅनेजरने मनावर घेतलं, सात जण गोळा केले आणि मधे कण्हेर, भोवती सदाफुली लावली. पाणी घालायला प्रत्येकाने एकेक वार वाटून घेतला. लावणीच्या दिवशी काकूंनी घरून टेप आणला होता. प्रत्येक रोप मापात.

"काकू, रोपांना शर्ट शिवायचेत का?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

"अंगाला घट्ट झालं की उसवतं, साहेब," काकू म्हणाल्या. मग सगळे हसले. घरी आल्यावरही त्या हसण्याची त्यांना दोनदा आठवण झाली.

बत्तीस वर्षं त्यांनी मशीन चालवलं. नवरा बटणं लावायचा, इस्त्री करायचा, आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं कामही त्याचंच. तो गेला, पाठोपाठ डोळ्यांनी दगा दिला आणि मशीन विकावं लागलं. मशीनखालच्या फरशीचा चौकोन अजून बाकीच्या फरशीपेक्षा उजळ दिसे. लेक लांब दिलेली. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येई, "आई, आठवडाभर काय केलंस?"

मंगळवार सांगायला बरा होता. पण तो फार लवकर संपायचा. एका गुरुवारी काकूंना वाटलं, आज ऊन जास्त आहे, बघून तरी येऊ. रिकाम्या हाताने काय जायचं, म्हणून झारी भरून घेतली. मग शनिवारी गेल्या. मग रोजच. चारच्या सुमाराला तिथे कुणी नसे. त्या मातीत बोट घालून बघत. माती ओली आहे हे बोटाला कळायचं. पण एवढं दोन जिने उतरून आलेलं पाणी परत न्यायचं कुठे?

रविवारी सकाळी सगळे जमले तेव्हा सदाफुली पिवळी पडून माना टाकून बसली होती. मॅनेजरसाहेबांनी एक रोप ओढलं. ते सहज हातात आलं, मुळं काळी, बुळबुळीत.

"हे पाण्याने मेलंय," ते म्हणाले.

"आपण फुलं लावलीत की भात?" नर्सताई हसली. तिची पाळी शुक्रवारची.

"हसू नका. शुक्रवारी पाइप लावून घरी गेला होतात ना तुम्ही?"

"एकदा, साहेब. तेही दोन मिनिटं." नर्सताईचं हसू मावळलं.

"एकदाने मुळं कुजत नाहीत. ते जाऊ दे. पाळ्याच बंद करू. डेपोचा वॉचमन घालील पाणी, मी बोलतो त्याच्याशी."

काकूंनी मनात हिशेब मांडला. गप्प राहिलं तर मंगळवार जाणार. बोललं तर तोंड काळं होणार, आणि मंगळवार तरीही जाणारच. नर्सताई खाली बसून मेलेली रोपं उपटत होती, कुणाकडे न बघता. रात्रपाळी करून ती थेट इथे आली होती.

"तिचं काही नाही," काकू म्हणाल्या. "मीच घालत होते पाणी. रोज."

"पण तुमची पाळी मंगळवारची."

"मंगळवार आठवड्यातून एकदाच येतो, साहेब."

एक बस वळून गेली. मॅनेजरसाहेबांनी चष्मा काढून पुसला, आधीच स्वच्छ होता तरी.

"असू दे पाळ्या," ते शेवटी म्हणाले. "पण काकू, बोटाला ओल लागली तर एक थेंबसुद्धा नाही."

"नाही घालणार."

संध्याकाळी लेकीने विचारलं, तेव्हा काकूंनी "नवीन रोपं लावली" एवढंच सांगितलं.

सोमवारी त्या गेल्या नाहीत. दुपारभर जुन्या उशीचा अभ्रा उसवून, चाचपडत पुन्हा शिवत बसल्या.

मंगळवारी चार वाजता झारी भरून दोन जिने उतरल्या. नव्या रोपांच्या मधे गुडघे टेकून बोट मातीत घातलं. ओल होती. दुसरीकडे घातलं, कण्हेरीच्या मुळाशी घातलं. सगळीकडे होती.

काकूंनी बोट पदराला पुसलं. मग उठून साडी झटकली आणि झारी उचलली. परत येताना ती नेहमी रिकामी असायची, हाताला जाणवायचीसुद्धा नाही. आज पहिल्या जिन्यावर थांबून त्यांना हात बदलावा लागला.