चुलीवरची लाल कौलं

नाथा वैशाखात अर्धपोटी राही. बदलापूर गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांची त्यावर थट्टाही करून झाली होती. "कौलावर चढायचा तर अंगात वजन कशाला?" एवढंच तो म्हणे. एरवी तो शेतकरी. दोन एकर भात, एक बैलजोडी, गवताने शाकारलेलं स्वतःचं घर. पण पावसाआधीचे तीन-चार आठवडे गावातली कौलारू घरं त्याची. एकेक कौल काढायचं, झाडायचं, बोटाच्या पेराने वाजवून बघायचं, फुटकं बदलायचं, त्याखालची कुजकी लाकडी रीप काढून नवी ठोकायची. तीस वर्षांत नाथाच्या पायाखाली कौल फुटलं असं गावात कोणी म्हणत नसे. तो स्वतः मात्र सांगे की दोन फुटली होती, आणि कोणाच्या घरची तेही सांगे.

या घरांतलं एक विष्णुपंतांचं. पंत अंबरनाथच्या एका कारखान्यात हेडक्लार्क होते. पंधरा वर्षांपूर्वी पतपेढीचं कर्ज काढून त्यांनी मंगळुरी कौलांचं घर बांधलं, आणि पेढीची अट म्हणून त्याचा आगीचा विमा उतरवला. कर्ज फिटलं तरी त्यांनी विमा सोडला नाही. उलट थोडे जास्त पैसे भरून त्यात वादळाचं कलम घालून घेतलं. सही केली त्या दिवशी नाथा छपरावरच होता.

"वाऱ्यानं नेलेला कंपनी भरून देणार?" त्याने वरूनच विचारलं. "मंग वारा कंपनीला काय देतो?"

पंतांनी समजावलं की हजार माणसं दरसाल थोडं थोडं भरतात, आणि एखाद्याचं गेलं की त्यातून त्याला देतात.

"म्हंजी गावकीच की," नाथा म्हणाला आणि पुढचं कौल उचललं. पंत हसले. इतकं सोपं त्यांना कंपनीच्या माणसानेही सांगितलं नव्हतं.

अठ्ठेचाळीसच्या नोव्हेंबरात तुफान झालं. भात कापून खळ्यावर आलेलं. रात्रभर वाऱ्याने गाव झोडपलं, आणि उजाडलं तेव्हा नाथाची भाताच्या पेंढ्यांची उडवी शेतभर पसरली होती, घराचं गवत अर्धंअधिक गेलं होतं. बायको अंजनी भिजलेलं भात गोळा करत होती. तिच्या हातात दोन पेंढ्या देऊन तो थेट पंतांच्या घराकडे चालू लागला. अंजनी मागून काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि तिचं चुकलंही नव्हतं. पण उघडं पडलेलं घर आभाळाखाली तसंच सोडायचं नाही, हा त्याचा धर्म होता. त्यासाठी कोणी बोलावण्याची वाट तो बघत नसे.

पंतांचं आढ्यालगतचं छप्पर उडालं होतं. दीडशेच्या आसपास कौलं फुटली होती. नाथाच्याच आग्रहाने पंतांनी परसात जास्तीची कौलं रचून ठेवली होती, ती कामी आली. दोन दिवसांत त्याने घर झाकलं, चिरलेल्या रिपा बदलल्या, आणि फुटक्या कौलांचा ढीग दारापुढच्या चिखलात पसरून टाकला. त्यावरून चार बैलगाड्या गेल्या आणि रस्ता बरा झाला. शिवाय पंतांच्या बायकोने, उमाकाकूंनी, कंपनीचा साहेब येणार म्हणून भिंतींना चुना लावला, अंगण सारवलं, दारात रांगोळी काढली. घरी पाहुणा येणार आणि घर फाटकं दिसणार, हे त्यांना खपणारं नव्हतं.

पाचव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. सर्वेअर येऊन पाहणी करीपर्यंत पडझडीला हात लावू नये, फुटलेलं सामान जागेवरच ठेवावं.

पंत पत्र हातात धरून गल्लीत आले. नाथा तिथेच होता. "तुला कोणी सांगितलं होतं रे वर चढायला?" ते इतक्या मोठ्याने ओरडले की माणसं दारात आली. "आता साहेब काय बघणार? तो लिहिणार, छप्पर जुनंपुराणं होतं, देखभाल नव्हती, म्हणून चार कौलं पडली. दमडी मिळणार नाही. तुझ्या हाताने बुडालो मी!"

पैशाचं नाथाच्या डोक्यात फारसं शिरलं नाही. 'देखभाल नव्हती' हे मात्र काट्यासारखं रुतलं. त्या छपराची देखभाल म्हणजे तोच की! मुंबईहून एक माणूस येणार आणि नाथाला काम येत नाही असं कागदावर लिहून जाणार. मग पुढच्या वैशाखात कोण बोलावणार होतं त्याला? आणि बोलावलं तरी तो कोणत्या तोंडाने चढणार होता?

संध्याकाळी पंत शांत होऊन त्याच्या घरी आले. आवाज खाली आणून म्हणाले, "नाथा, एक कर. शंभरएक कौलं पुन्हा काढ, फोड आणि अंगणात टाक. झालेलं नुकसानच तर दाखवायचं आहे. यात खोटं काय?"

खोटं काय ते त्यालाही सांगता येईना. सकाळी तो हातोडी घेऊन चढला आणि चुलीच्या बरोबर वरचं एक कौल उचललं. नवंकोरं, चांगलं खणखणीत. हातोडी काही वर जाईना. मग त्याने कौल उलटं केलं. खालून लालभडक. शेजारचं उचललं, ते खालून धुराने काळं. त्याच्या पलीकडचं तपकिरी.

तो घाईघाईने खाली आला. "पंत, काय फोडायचा नाय. नवी खालून लाल हायत, जुनी धुरानं काळी. साहेबाला चुलीपाशी न्या. वर बघायला सांगा."

"काढून आणून दाखवू की."

"काढून तर कोणीबी दाखवील. जागेवर बघितली पायजेत. आन मी संगती पायजे."

चूल होती स्वयंपाकघरात, उमाकाकूंच्या सोवळ्यात. तिथे घरातला माणूससुद्धा अंघोळ केल्याशिवाय जात नसे. नाथा पंधरा वर्षं ते स्वयंपाकघर वरूनच बघत आला होता. लोणच्याच्या बरण्या कुठे, फडताळ कुठे, देवांचा कोनाडा कुठे, सगळं त्याला पाठ होतं. दारातून मात्र तो कधी आत गेला नव्हता. तो वर असला की काकू भांडी झाकून बाहेर येऊन बसत. यात कोणाला काही वावगं वाटत नसे, नाथालाही नाही.

सर्वेअर साहेब आले. जाडजूड, घामेजलेले, गुजराती वळणाची मराठी बोलणारे. त्यांनी अंगणातून छप्पर पाहिलं, रांगोळी पाहिली, आणि वही उघडण्याची तसदीही घेतली नाही. "अरे, घर तर एकदम सरस आहे! नुकसान कुठे?"

पंतांनी उमाकाकूंकडे पाहिलं. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. नाथा अंगणात, पंच्याची टोकं हातात पिळत. काकू आत गेल्या. भांडी हलवल्याचे आवाज आले, नंतर चुलीवर पाणी शिंपडल्याचा. मग त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "पाय धुऊन या. दोघंही."

साहेबांनी बूट काढले. नाथाने दोनदा पाय धुतले. आत पाऊल टाकलं तेव्हा त्याला वाटलं, आपण कोणा भलत्याच घरात आलो. वरून एवढीशी दिसणारी खोली केवढी मोठी होती! क्षणभर तो कशाला आलाय तेच विसरला.

मग त्याने वर बोट केलं. वर तख्तपोशी नव्हती, त्यामुळे छपराची आतली बाजू पुरी दिसत होती. काळ्या छतात आढ्याशी लाल कौलांचा मोठा पट्टा.

"ह्यो तुफानाचा, साहेब. मोजून घ्या. आता ती भुरकी बघा, ती तीन कौलं गेल्या वैशाखातली. त्याच्या बाजूची गर्द, ती त्याच्या आदल्या सालची. ती रीप बघा, तिला धूर कमी हाय, ती दोन सालांमागं ठोकली. दरसाल काय बदलला ते चुलीनंच लिवून ठेवलाय. मला लिवता येत नाय."

साहेबांनी वही उघडली. मान वर करून करून त्यांची टोपी पडली, पण ते कौलं मोजत राहिले. पंधरा वर्षांचा हिशेब चुलीवर टांगलेला होता, आणि तो एकदाही चुकलेला नव्हता. पंतांचा चेहरा खुलला.

"आणि हा?" साहेबांनी मागच्या पडवीकडे पेन्सिल केली. तिथेही वीसेक लाल कौलं होती. "हा पण वाऱ्याचा?"

वारा तिथेही लागला होता. कोणी हो म्हटलं असतं तर साहेबांनी मान डोलावली असती. नाथाने खाली पाहिलं.

"तितली रीप कुजली होती," तो म्हणाला. "वैशाखात हाताला लागलेली. बोललो, निघंल अजून एक साल. पंतांना बी सांगितला नाय. ती माजी चूक. तेवढी वाऱ्यावर नका टाकू."

पंतांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी वहीत काहीतरी बराच वेळ लिहिलं.

महिन्याभराने पत्र आलं. पडवीचा भाग वगळून बाकीचा दावा मंजूर. पंत पत्र घेऊन पुन्हा गल्लीत आले आणि मुद्दाम त्याच जागी उभे राहून त्यांनी नाथाला हाक मारली. माणसं पुन्हा दारात आली. पंतांनी सोबत आलेल्या सर्वेअर साहेबांच्या अहवालातलं इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं, "छपराची देखभाल वर्षानुवर्षे चोख झालेली आहे. ती करणाऱ्या कारागिराचा शब्द मी विश्वासार्ह मानतो."

"त्यात माजा नाव हाय?" नाथाने विचारलं.

"नाव नाही. कारागीर म्हटलंय."

"मंग परत एकदा वाचा."

पंतांनी परत वाचलं. नाथाचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत.

पुढच्या वैशाखात तो नेहमीसारखा अर्धपोटी चढला. पडवीची सगळी लाकडं आधी तपासली. मग चुलीवरचं पहिलं कौल उचललं, तर खाली उमाकाकू बसलेल्याच. भांडी झाकली होती, पण त्या उठून गेल्या नव्हत्या.

"नाथा, ही लाल कौलं काळी व्हायला किती वर्षं लागतील रे?"

"चूल पेटती रायली तर आठ-धा."

"तोवर तूच यायचं बरं का."

"येईन की, काकू."

पुढे अकरा वर्षं तो येत राहिला. स्वयंपाकघरात दारातून मात्र त्याला पुन्हा कोणी बोलावलं नाही, आणि त्यानेही कधी विचारलं नाही. कौल काढलं की तो क्षणभर खाली बघे. आपण उभे होतो ती जागा त्याला बरोबर माहीत होती, चुलीच्या डाव्या हाताला, फडताळापासून दोन पावलांवर.