काल्तापाऊने घेतलेली तालीम

काल्तापाऊ हा राजधानी पोर्ट व्हिलातल्या वकीलबाईंचा बेटावरचा माणूस. निरोप पोचवायचे, साक्षीदार तयार करायचे, हे त्याचं काम. शिक्षण बेताचं, पण कान असा की एकदा ऐकलेला माणूस त्याच्या तोंडून हुबेहूब बोलायचा. कंपनीच्या बोटी खाडीतली वाळू उपसू लागल्या आणि समुद्र गावच्या कबरींपर्यंत आला, तेव्हा ही कला कामाला लागली.

गावाने कंपनीवर भरलेल्या खटल्याचा सगळा भार लेसावी मावशींवर होता. खाडी त्यांच्या आईच्या घराण्याची, हे सांगू शकणारं दुसरं कुणी जिवंत नव्हतं. ती आपलीच आहे असं सांगून कंपनीला सही देऊन बसला होता त्यांचाच जावई, मासोए.

मावशी केळीच्या पानात भाजायच्या लापलापसाठी कोनफळ किसायला बसल्या की काल्तापाऊ समोर उभा राही. आधी न्यायाधीश होऊन घसा खाकरायचा.

"हं, बाई. वय काय तुमचं?"

"तुझ्या आईला विचार, मेल्या."

मग कंपनीचा वकील व्हायचा, नाकातून बोलणारा. "म्हणजे कागद नाहीच आपल्याकडे. नुसत्या आठवणी?"

"आठवणी कसल्या, हाडं आहेत. चल दाखवते. आधी ते बूट काढ."

काल्तापाऊ हसून लोळायचा. मावशी अगदी पक्क्या झाल्या होत्या.

सुनावणी गावच्या सभाघरात लागली. मावशी साक्षीला उभ्या राहिल्या, तोच कंपनीच्या माणसांनी मासोएला आणून पहिल्या बाकावर बसवलं. मावशींनी डोक्यावरून कापड ओढलं आणि जमिनीवर बसल्या. जावयासमोर सासू तोंड उघडत नाही, आणि सासू दिसली की जावयानेही उठून जायचं असतं. मासोए उठला नाही. पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"बाई, खाडी कुणाची?" न्यायाधीशांनी पुन्हा पुन्हा विचारलं. कापड हललं नाही.

"साहेब, मासोएंना जरा बाहेर बसवा," वकीलबाई म्हणाल्या.

"पक्षकार आहे तो. त्याला कसं बाहेर काढणार?" कंपनीचा वकील नाकातूनच म्हणाला.

वकीलबाईंनी मध्ये चटई टांगू का म्हणून खुणेने विचारलं. काल्तापाऊने नकारार्थी मान हलवली. आवाज चटईने अडत नाही.

साक्षीदार बोलत नाही, अशी नोंद झाली. दुपारी दावा फेटाळला गेला.

तालमीत काल्तापाऊने सगळ्यांना उभं केलं होतं, मासोएला सोडून. मावशींसमोर जावयाची नक्कल करणं म्हणजे जावईच समोर आणून त्यांना किसणं टाकून उठून जायला लावणं. ते त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"मावशी, वरच्या कोर्टात जाता येतं," तो बाहेर म्हणाला.

"तिथं तो असेल?"

"आणतील."

"त्यानं लाज सोडली म्हणून मीही सोडू? आणि माझ्या लेकीनं त्या घरात तोंड कसं दाखवायचं?"

खाडीकडून वाळूच्या बोटीचं इंजिन ऐकू येऊ लागलं होतं. घराकडच्या वाटेवर मासोए उभा होता. मावशींनी टोपली उचलली, वाट सोडली आणि खारफुटीच्या चिखलातून लांबचा वळसा घेत चालू लागल्या.